यंत्राशी बोलायचे, पण माणसाला ओळखून

एस.टी.च्या गाडीत कंडक्टर आणि ड्रायव्हर यांच्यात सबंध प्रवासात फारसे बोलणे होत नाही. तरीही गाडी योग्य ठिकाणी थांबते आणि योग्य वेळी सुटते. घंटी एकदा वाजली की ड्रायव्हर गाडी थांबवतो. दोनदा वाजली की सोडतो. ही व्यवस्था इतकी ओळखीची आहे की तिच्याकडे आपले लक्षच जात नाही. पण जरा बारकाईने पाहा. एका बाजूने खूण केली गेली. दुसऱ्या बाजूला त्या खुणेचा अर्थ आधीच ठरलेला होता. त्या अर्थाप्रमाणे कृती झाली. आणि ती झाल्याचे खूण करणाऱ्याला ताबडतोब कळले, कारण गाडी हलली. शिवाय आणखी एक गोष्ट आहे. गाडी उभीच असेल आणि घंटी एकदा वाजली, तर ड्रायव्हर ती पुन्हा थांबवू शकत नाही. म्हणजे एकाच खुणेचा परिणाम गाडीच्या त्या क्षणीच्या स्थितीवरही अवलंबून असतो.

विद्यार्थी मित्रहो, संगणक, दूरचित्रवाणी संच किंवा मोबाइल यांच्यावर चालणारी जी ‘संवादी’ आज्ञावली असते, म्हणजे ज्याला आपण रोजच्या बोलण्यात सॉफ्टवेअर किंवा अ‍ॅप म्हणतो, तिचा गाभा एवढाच आहे. खूण, स्थिती, कृती आणि उत्तर. या चार शब्दांत सारे शास्त्र संपत नाही हे खरे, पण त्यांच्यापासून सुरुवात मात्र होते. अशी आज्ञावली तयार करणे हे केवळ यंत्र जाणणाऱ्याचे काम नसून माणूस जाणणाऱ्याचे काम आहे, आणि म्हणून ते तुम्ही शाळेतच, आपल्या भाषेत व आपल्या माणसांसाठी शिकले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ते का, हे या लेखात सांगावयाचे आहे.

यंत्र उत्तर देऊ लागले

संगणक जन्मापासून संवादी नव्हता. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसवला गेला. त्या काळी अशा संगणकांकडून काम करून घेण्याची सर्वसाधारण रीत अशी होती : जाड कागदाच्या कार्डांवर भोके पाडून आज्ञा लिहावयाच्या, कार्डांचा गठ्ठा संगणकाच्या खिडकीवर द्यावयाचा आणि आपली पाळी येऊन छापील कागद हाती पडेपर्यंत वाट पाहावयाची. एखादे विरामचिन्ह चुकले तर पुन्हा गठ्ठा, पुन्हा वाट. हा संवाद नव्हता, पत्रव्यवहार होता.

१९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत आयव्हन सदरलंड या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली लिहिली. प्रकाश ओळखणारे एक पेन पडद्यावर टेकवून रेघ ओढली की पडद्यावर तत्क्षणी रेघ उमटे. पाच वर्षांनी, ९ डिसेंबर १९६८ रोजी, डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे सुमारे दीड तासाचे एक प्रात्यक्षिक दाखवले. हातात मावणारी एक लहानशी डबी टेबलावर सरकवली की पडद्यावरचा ठिपका सरकत होता. तीच आजची ‘माउस’. पडद्यावरचा मजकूर तेथल्या तेथे बदलणे, एका शब्दावरून दुसऱ्या मजकुराकडे जाणे, दूर बसलेल्या सहकाऱ्याचा चेहरा पडद्यावर पाहत त्याच्याबरोबर काम करणे, हे सारे त्या दिवशी लोकांनी पाहिले.

दूरचित्रवाणीही फार काळ मुकी राहिली नाही. १९७४ साली ब्रिटनमध्ये बीबीसीने ‘सीफॅक्स’ सुरू केले. रिमोटवर पानाचा क्रमांक दाबला की बातम्यांचे वा हवामानाचे ते पान पडद्यावर येई. १९७७ साली अमेरिकेतील कोलंबस शहरात ‘क्यूब’ नावाच्या केबल सेवेने प्रेक्षकांच्या हातात उत्तराची बटणे दिली. कार्यक्रम चालू असतानाच प्रेक्षक मत देऊ शकत. आणि २००७ नंतर बोटाच्या स्पर्शाने चालणारे मोबाइल आले, तेव्हा पडदा हेच बटण झाले.

या सगळ्या प्रवासात एक सूत्र दिसते. यंत्र माणसाच्या जवळ जवळ येत गेले, आणि माणसाचा स्वभाव, त्याचे डोळे, त्याची बोटे, त्याचा संयम यांचा विचार करण्याची जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्यावर वाढत गेली.

आत काय चालते?

गणिताची साधी आज्ञावली सुरू होते, हिशेब करते आणि संपते. संवादी आज्ञावली तशी नसते. ती बहुतेक वेळ नुसती वाट पाहत असते. कळ दाबली गेली, बोट टेकले, रिमोटचा बाण दाबला, ठरलेली वेळ झाली, अशा प्रत्येक गोष्टीला ‘घटना’ म्हणतात. घटना घडली की आज्ञावली प्रथम पाहते, आपण या क्षणी कोणत्या स्थितीत आहोत? त्यावरून काय करायचे ते ठरवते, स्थिती बदलते आणि नव्या स्थितीचे चित्र पडद्यावर काढते. मग पुन्हा वाट पाहते. हे चक्र अखंड चालू असते.

यात वेळेला फार महत्त्व आहे. आयबीएम कंपनीतील रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली माणूस आणि संगणक यांच्या संवादात उत्तराला किती उशीर चालतो याचा विचार मांडला. पुढे त्यातून तीन सोयीचे आकडे रूढ झाले. साधारण ०.१ सेकंदात उत्तर आले, तर आपण केले आणि लगेच झाले असे वाटते. १ सेकंदापर्यंत उशीर जाणवतो, पण विचारांची साखळी तुटत नाही. १० सेकंदांपलीकडे मात्र मन दुसरीकडे जाते. म्हणून काम मोठे असेल, तर ‘काम चालू आहे’ एवढे तरी पडद्याने सांगितले पाहिजे. ते सांगितले नाही तर माणूस काय करतो? लिफ्टचे बटण दाबल्यावर दिवा लागला नाही की तुम्ही काय करता? पुन्हा दाबता. लिफ्टच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. पण तेच बटण पैसे पाठवण्याचे असेल आणि आज्ञावलीने दुसऱ्यांदा दाबणे हे नवे काम मानले, तर पैसे दोनदा जातील. दोष घाई करणाऱ्याचा नव्हे. उत्तर न देणाऱ्या रचनेचा आहे.

एक खेळ, तीन पडदे

आता आपण एक आज्ञावली मनातल्या मनात तयार करू. ‘शब्द ओळखा’ हा फळ्यावरचा खेळ तुम्ही खेळला असालच. जितकी अक्षरे तितक्या रिकाम्या चौकटी काढायच्या आणि समोरच्याने एकेक अक्षर सुचवायचे. हाच खेळ संगणक, दूरचित्रवाणी आणि मोबाइल या तिघांसाठी करायचा आहे. खेळाचे नियम तिन्हीकडे तेच. मग एकच आज्ञावली तिन्हीकडे चालवली तर काय बिघडले?

प्रथम अंतराचा विचार करा. संगणकाचा पडदा डोळ्यांपासून सुमारे ६० सेंटिमीटर असतो. दूरचित्रवाणी आपण सुमारे ३ मीटरवरून पाहतो, म्हणजे पाचपट दूर. समरूप त्रिकोणांचा नियम लावा : संगणकावर ४ मिलिमीटर उंचीचे अक्षर जेवढे दिसते, तेवढेच दिसण्यासाठी दूरचित्रवाणीवर ते २० मिलिमीटर उंच असावे लागेल. संगणकावरचे चित्र जसेच्या तसे तेथे नेले, तर आजोबा चष्मा शोधत बसतील.

आता अक्षर सुचवण्याकडे वळू. संगणकाला कळफलक आहे, त्यामुळे अडचण नाही. दूरचित्रवाणीच्या रिमोटवर मात्र चार बाण आणि ‘ओके’ एवढाच आधार. समजा, आपण बाराखडीचा तक्ता जसाच्या तसा पडद्यावर मांडला : क्ष आणि ज्ञ धरून ३६ व्यंजनांच्या ३६ ओळी आणि प्रत्येक ओळीत १२ घरे, एकूण ४३२. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात जायला ३५ अधिक ११, म्हणजे ४६ वेळा बाण दाबावा लागेल आणि मग एकदा ओके, एकूण ४७. एका अक्षरासाठी! त्याऐवजी दोन पायऱ्या करू. आधी ३६ व्यंजने ६ ओळी आणि ६ स्तंभांत मांडू. कोपऱ्यातून कोपऱ्यात जायला ५ अधिक ५, म्हणजे १० दाब. व्यंजन निवडले की त्याची १२ रूपे २ ओळींत दाखवू. तेथे जास्तीत जास्त १ अधिक ५, म्हणजे ६ दाब. दोन्ही मिळून १६ आणि ओके दोनदा, एकूण १८. यंत्र तेच, भाषा तीच, पण ४७ चे १८ झाले. आणि निवडीची चौकट सुरुवातीला कोपऱ्याऐवजी मध्यभागी ठेवली तर? ते गणित तुम्हीच करून पाहा.

मोबाइलवर अडचण वेगळी. तेथे बाण नाहीत, अंगठा आहे. अंगठ्याने चुकीचे घर दाबले जाऊ नये म्हणून प्रत्येक घर साधारण ९ मिलिमीटर तरी असावे असा संकेत आहे. पडद्याची रुंदी ७ सेंटिमीटर धरली तर एका ओळीत सातच घरे मावतात. शिवाय मोबाइल वापरणारा अनेकदा उभा असतो, उन्हात असतो, एका हाताने दांडी धरून एस.टी.त असतो, मध्येच फोन येतो, मध्येच जोडणी तुटते. फोन संपल्यावर खेळ पहिल्यापासून सुरू झाला, तर त्या आज्ञावलीला शहाणी कोण म्हणेल?

पाहा, एकाही ठिकाणी आपण संगणकाच्या मेंदूची चर्चा केली नाही. डोळा, अंगठा, अंतर, सवय आणि परिस्थिती यांचीच केली.

चौकटी दहा की चार?

आता मुख्य अडचणीकडे येऊ. आपल्या खेळात ‘महाराष्ट्र’ हा शब्द आला. चौकटी किती काढायच्या? तुम्ही म्हणाल चार : म, हा, रा, ष्ट्र. पण अनेक आज्ञावल्या दहा काढतील. याचे कारण संगणकात मजकूर कसा साठवतात त्यात आहे. जगातील लिप्यांसाठी ‘युनिकोड’ नावाची जी सांकेतिक पद्धती आहे, तिच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी तीत आहे. तिच्यात व्यंजनाला एक संकेतांक, कान्याला वेगळा, वेलांटीला वेगळा आणि पाय मोडण्यालाही वेगळा. म्हणून म, ह, काना, र, काना, ष, पायमोड, ट, पायमोड, र असे दहा संकेतांक होतात. ‘स्त्री’ हे एकच अक्षर. पण त्याचे सहा. या पद्धतीत चूक काही नाही. हजारो जोडाक्षरे थोड्या संकेतांकांत बसवण्याची ती उत्तम युक्ती आहे. चूक होते ती ‘एक संकेतांक म्हणजे एक अक्षर’ असे गृहीत धरणाऱ्याची. इंग्रजीपुरते ते गृहीत बहुधा चालते. आपल्याकडे चालत नाही.

आणखी एक गंमत पाहा. वाल्या कोळ्याची कथा तुम्हांला ठाऊक आहे. ‘राम’ उलटा केला की ‘मरा’ होतो, हे आपल्याकडे लहान मूलही सांगते. परंतु संकेतांक उलटे लावणाऱ्या आज्ञावलीला ‘राम’ द्या. र, काना, म यांचे म, काना, र झाले आणि उत्तर आले ‘मार’! आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतला फरकही तसाच. ज्या कळफलकावर हा ‘ऱ्य’ सहज सापडत नाही, तो स्वयंपाक्याला नकळत विद्वान करून टाकतो.

या उणिवा कोणी दुष्टाव्याने ठेवलेल्या नसतात. आज्ञावली लिहिणाऱ्याला आपली भाषा ठाऊक नसते, एवढेच. मराठीत किती चौकटी काढायच्या हे कळायला मोठी पदवी लागत नाही. मराठी वाचता येणे लागते. ते ज्ञान तुमच्याजवळ आहे. ते आज्ञावलीत उतरवणारे हात मात्र कमी आहेत. आपण फक्त वापरणारे राहिलो, तर दहा चौकटींची सवय आपल्यालाच करून घ्यावी लागेल, आणि हळूहळू आपल्या लिपीतच काही खोट आहे असे मुलांना वाटू लागेल. ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

पडद्यावरचे दोन शब्द

खेळात चूक झाली तर हसून सोडता येते. सर्वत्र तसे नसते. कॅनडात तयार झालेले ‘थेरॅक-२५’ हे कर्करोगावर किरणांचे उपचार करणारे यंत्र होते. आधीच्या यंत्रांत धोका टाळण्यासाठी स्वतंत्र यांत्रिक अडसर असत. यात ती जबाबदारी मुख्यतः आज्ञावलीवर सोपवली होती. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली आणि त्यांतील किमान तिघांचा त्यामुळे मृत्यू झाला.

१९८६ साली टेक्सासमधील एका रुग्णालयात काय घडले ते पाहा. यंत्र चालवणाऱ्या बाईंनी किरणांचा प्रकार लिहिताना ‘ई’ऐवजी ‘एक्स’ ही कळ दाबली. चूक त्यांच्या लगेच लक्षात आली आणि त्यांनी ती झटपट सुधारली. रोजच्या सरावामुळे त्यांचा हात चपळ होता. पण यंत्रातील चुंबके आपल्या जागी येण्यास सुमारे ८ सेकंद लागत, आणि त्या अवधीत केलेली दुरुस्ती आज्ञावलीच्या एका भागाला कळतच नसे. पडद्यावर सुधारलेला मजकूर दिसत होता. आत यंत्र भलत्याच स्थितीत होते. मग पडद्यावर संदेश आला : ‘बिघाड ५४’. या आकड्याचा अर्थ चालवणाऱ्याला समजेल असा कोठेही सांगितलेला नव्हता. असे किरकोळ बिघाडाचे संदेश त्या यंत्रावर वारंवार येत आणि ‘पी’ ही कळ दाबली की काम पुढे चालू होई. सवयीने ती कळ दाबली गेली.

येथे कोणाला दोष द्याल? ज्या पडद्याने खरी स्थिती दाखवली नाही आणि धोका सांगायचा तेव्हा एक आकडा सांगितला, तो पडदा कोणीतरी रचला होता. त्या रचणाऱ्याने यंत्र चालवणाऱ्या व्यक्तीशेजारी बसून तिची बोटे किती वेगाने चालतात हे आठवडाभर पाहिले असते, तर कदाचित ही उणीव आधीच उघड झाली असती. स्थिती दाखवणे आणि समजेल असे उत्तर देणे ही नुसती सजावट नव्हे. तिच्यावर प्राण अवलंबून असू शकतात.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आजकाल फार ऐकू येतो. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता साध्या वाक्यांवरून आज्ञावली लिहून देतात. मग मुलांनी हे कशाला शिकावे? मला तर यावरून उलट वाटते. साधनाने आज्ञा लिहिल्या, तरी काय हवे ते सांगावे लागते, आणि आलेले योग्य आहे का ते तपासावे लागते. ‘शब्द ओळखण्याचा खेळ करून दे’ एवढे सांगणाऱ्याला दहा चौकटी मिळाल्या, तर त्या दहा का चुकीच्या हे त्याला ओळखता आले पाहिजे. लिहिण्याचे कष्ट कमी झाले, म्हणून पारख करण्याची गरज वाढली. घटना, स्थिती आणि उत्तर यांची समज नसेल, तर पारख कशी करणार?

दुसरा आक्षेप पालकांचा : आधीच मुले मोबाइलला चिकटलेली असतात, त्यात ही भर कशाला? काळजी रास्त आहे. पण मुले का चिकटतात हेही समजून घ्या. कितीही सरकवली तरी न संपणारी यादी, आपोआप सुरू होणारी पुढची चित्रफीत, या गोष्टी आकाशातून पडलेल्या नाहीत. माणूस उठून जाऊ नये म्हणून त्या विचारपूर्वक रचलेल्या आहेत. ज्याने स्वतः एकदा तरी अशी आज्ञावली रचली आहे, त्याला पडद्यामागची ही दोरी दिसू लागते, आणि दिसणारी दोरी तितकीशी ओढत नाही. शिवाय तो वेगळी निवडही करू शकतो. आपल्या खेळात दहा शब्द झाले की ‘आजचा खेळ संपला’ असे लिहायला कोणाची हरकत आहे?

शाळेत काय करता येईल?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात उच्च प्राथमिक इयत्तांपासून आज्ञालेखनाचे उपक्रम सुचवले आहेत. हे स्वागतार्ह आहे. परंतु शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की याचा अर्थ संगणकाच्या भागांची नावे पाठ करणे किंवा पुस्तकातील आज्ञा जशाच्या तशा उतरवणे, असा होऊ देऊ नका. आणि ‘आमच्या शाळेत पुरेसे संगणक नाहीत’ म्हणून थांबूही नका. सुरुवात कागदावर होते.

जेफ हॉकिन्स हे अभियंते १९९० च्या दशकात खिशात मावणारा संगणक तयार करत होते. यंत्र तयार होण्याआधी त्यांनी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा करून घेतला आणि तो खिशात घेऊन ते हिंडत. कोणी भेटीची वेळ ठरवू लागले, की ठोकळा काढून त्यावर लिहिल्यासारखे करत. कोणते बटण कोठे हवे, आकार खिशात खुपतो का, हे त्या निर्जीव लाकडाने सांगितले. १९९६ साली बाजारात आलेला ‘पाम पायलट’ पुढे गाजला.

वर्गात हे असे करा. चार विद्यार्थ्यांचा गट घ्या. प्रत्येक पडद्याचे चित्र वेगळ्या पुठ्ठ्यावर काढा. एक विद्यार्थी ‘संगणक’ होईल. तो तोंडाने काही बोलणार नाही. समोरच्याने चित्रातल्या बटणावर बोट ठेवले, की ठरलेल्या नियमाप्रमाणे पुढचा पुठ्ठा समोर ठेवेल. दुसरा ‘वापरणारा’ होईल. त्याने तो खेळ आधी पाहिलेला नसावा. तिसरा फक्त टिपून ठेवेल : बोट कोठे घुटमळले, कोठे चुकले, काय शोधले आणि सापडले नाही. चौथा घड्याळ पाहील. नियम एकच, आणि तो सर्वांत कठीण : वापरणाऱ्याला मदत करायची नाही. ‘अरे, तिकडे दाब ना’ असे म्हणण्याची ऊर्मी दाबून गप्प बसायचे. ज्या ठिकाणी सांगावेसे वाटले, त्या ठिकाणी रचना चुकली आहे, असे समजून वहीत खूण करायची.

मग पुठ्ठे बदला आणि पुन्हा करा. वर्गमित्रावर प्रयोग झाला, की शाळेच्या शिपाईमामांना विचारा, घरी आजीला विचारा. वर्गात एखाद्या मुलाला लाल आणि हिरव्या रंगांतला फरक नीट दिसत नसेल, तर ‘हिरवे बटण दाबा’ ही सूचना त्याच्यासाठी कुचकामी आहे, हे तुम्हांला याच प्रयोगातून कळेल. एवढे झाल्यावर संगणकापुढे बसा. आज्ञा लिहायला मग फारच थोडा वेळ लागतो, कारण काय लिहायचे ते ठरलेले असते.

गुण देतानाही एक बदल हवा. ‘आज्ञावली चालली का?’ या प्रश्नाला निम्मे गुण असावेत. उरलेले निम्मे ‘ती दुसऱ्या कोणाला, न सांगता, वापरता आली का?’ या प्रश्नाला असावेत. असे झाले तर वर्गातला जो विद्यार्थी गणितात फार चमकत नाही, पण माणसांकडे बारकाईने पाहतो, त्यालाही आपले काम सापडेल. चांगल्या आज्ञावलीला त्याची फार गरज आहे.

मित्रहो, विषय शोधायला लांब जाऊ नका. शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तकांची नोंद, गावातल्या पाण्याच्या टाकीची वेळ, लहान भावंडाला पाढे विचारणारा खेळ, यांतले काहीही चालेल. लहान घ्या, पण पुरे करा. एक माणूस मनात धरा, त्याच्या चष्म्याचा आणि त्याच्या बोलीचा विचार करा, आणि तो कोठे अडतो ते मुकाट्याने पाहा. पहिला पुठ्ठा कापायला या रविवारीच बसा.